जुनी जीप : दुरुस्त करावी की बदलावी?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला आणि ज्या पाणंदीतून तोवर केवळ बैलगाडी जात असे, त्या पाणंदीतून विकास गटाची जीप येऊ लागली. खेड्यातील पुष्कळ शेतकऱ्यांनी जीप प्रथम पाहिली ती अशी, सरकारी कामाच्या निमित्ताने. पुढे कार्यालयांच्या लिलावांतून आणि नंतर विक्रेत्यांकडून ती त्यांच्या स्वतःच्या अंगणात आली. कोकणातील आंब्याच्या बागांत आणि सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांत वीस-पंचवीस वर्षे वयाच्या जीपगाड्या आजही खते, फवारणीचे पंप, पाण्याच्या टाक्या आणि फळांची खोकी वाहून नेत आहेत. त्यांतील अनेकींचे मालक वर्षातून एकदा तरी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. गाडी पुन्हा दुरुस्तीस घालावी, की ती काढून टाकून नवी घ्यावी?

हा निर्णय बहुधा अत्यंत अयोग्य वेळी घेतला जातो. घाटीच्या मध्यावर गाडी बंद पडलेली असते, बॉनेट उघडे असते, मजूर खोळंबलेले असतात आणि मालक संतापलेला असतो. अशा वेळी गॅरेजवाला म्हणतो, ‘इंजिन खोला, पुढची दहा वर्षे बघायला नको.’ तालुक्याच्या गावचा विक्रेता म्हणतो, ‘जुनी आमच्याकडे द्या, नवी घेऊन जा.’ दोघेही आपापल्या धंद्याच्या दृष्टीने योग्यच बोलत असतात. परंतु दोघांपैकी कोणाच्याही समोर त्या शेतकऱ्याच्या शेतीचा हिशेब नसतो. तो हिशेब मांडण्यास मदत करणे हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याचे काम आहे. ‘आता जुनी झाली, विकून टाका’ एवढे सांगून मोकळे होणाऱ्या कार्यकर्त्याने सल्ला दिला असे म्हणता येणार नाही.

शासनाने स्वतःच्या गाड्यांपुरता हा प्रश्न वयाच्या आधारे सोडविला आहे. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठी असलेली विशेष वाहने वगळता शासकीय मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. कार्यालयाच्या दृष्टीने त्यात सोय आहे. हजारो गाड्यांची एकेक करून पारख कोण करीत बसणार? मात्र शेतकऱ्याने हा नियम स्वतःवर ओढवून घेण्याचे कारण नाही. खाजगी जीपची नोंदणी प्रथम पंधरा वर्षे चालते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. दहा वर्षे झालेली डिझेल गाडी मोडीत काढावीच लागते, ही समजूत दिल्ली परिसरापुरत्या झालेल्या आदेशांतून इकडे पसरली आहे. महाराष्ट्रात तसा नियम नाही. नूतनीकरणाचा खर्च मात्र वाढला आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील वाहनांसाठी त्यात आणखी वाढ करण्यात आली. पर्यावरण कर निराळा. हा खर्च हिशेबात धरावा, पण तेवढ्यावरून चांगली गाडी मोडीत घालू नये.

वयापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, ज्या वाटेसाठी जीप घेतली ती वाट आज शिल्लक आहे काय? डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात कितीतरी वाड्यांपर्यंत डांबरी रस्ता पोहोचला. पूर्वी जेथे पुढची चाके जोडल्याशिवाय गाडी हलत नसे, तेथे आता मालवाहू रिक्षाही जाते. अनेक जीपगाड्यांचा पुढचा शाफ्ट कित्येक वर्षांपूर्वी काढून माळ्यावर टाकलेला आढळतो. डिझेल वाचावे म्हणून तो काढला आणि पुन्हा बसविण्याची वेळच आली नाही. अशी गाडी नावाची जीप उरते. रस्त्यावर ती पिकअपपेक्षा कमी माल नेते, डिझेल मात्र फार कमी खात नाही. तिच्यावर लाखभर रुपये घालून ती पूर्ववत करणे म्हणजे नसलेल्या वाटेसाठी वाहन तयार करणे होय. उलट ज्याची बाग अजूनही कातळाच्या उतारावर आहे, पावसात जेथे तांबड्या चिखलाखेरीज दुसरा रस्ता नाही, त्याने केवळ गाडी दिसण्यात जुनी झाली म्हणून साधी पिकअप घेऊ नये. पहिल्याच पावसात त्याला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढण्यास बोलवावा लागेल.

वाट अजूनही जीपचीच आहे असे ठरले, तर प्रथम पाहावा तो सांगाडा, म्हणजे चेसिस. इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते, कारण ते आवाज करते आणि धूर सोडते. चेसिस मात्र निमूटपणे कुजत असते. कोकणात हे विशेष खरे आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्रावरील वारा मीठ घेऊन येतो आणि जांभ्याची माती एकदा चेसिसच्या पोकळीत शिरली की दिवाळी उलटली तरी ओली राहते. गंज आतून बाहेर येतो. वरून काळा रंग तकतकीत असावा आणि आतील पत्रा पापडासारखा झालेला असावा, असे वारंवार दिसते. देशावरील कोरड्या हवेत तीस वर्षे वापरलेल्या जीपचे चेसिस पुष्कळदा शाबूत सापडते; समुद्रकाठच्या पंधरा वर्षांच्या गाडीबद्दल तशी खात्री देता येत नाही. म्हणूनच सोलापूरकडील पाहुण्याच्या जीपचा दाखला देवगडच्या बागाईतदाराने घेऊ नये.

तपासणीस यंत्रे लागत नाहीत. गाडी खड्ड्यावर घेऊन लहान हातोडीने चेसिसवर सर्वत्र ठोकून पाहावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, कुजलेले बद्द आवाज देते. जेथे आवाज बदलेल तेथे पेचकसाचे टोक दाबावे. पाट्यांचे हँगर जेथे बसविलेले असतात ती जागा, मधले आडवे तुकडे आणि स्टिअरिंग बॉक्सची बैठक या तीन ठिकाणी विशेष बारकाईने पाहावे, कारण तेथे भार आणि चिखल दोन्ही एकत्र येतात. एखाद्या आडव्या तुकड्यास गंज असेल, तर तो तुकडा कापून नवा बसविता येतो. परंतु स्टिअरिंगच्या बैठकीजवळ किंवा हँगरच्या आसपास दोन्ही बाजूंस पत्रा खाल्ला गेला असेल, तर ठिगळे लावून भागत नाही. वेल्डिंग नव्या पत्र्यास धरते आणि शेजारचा कुजका पत्रा पुढच्या पावसात सुटतो. इंजिन परवानगी घेऊन बदलता येते. चेसिसवर मात्र गाडीचा क्रमांक कोरलेला असतो आणि कागदोपत्री तीच त्या गाडीची ओळख असते. चेसिस गेले म्हणजे गाडी गेली, असेच समजावे. अशा गाडीच्या इंजिनावर त्यानंतर एक रुपयाही घालू नये, मग ते इंजिन कितीही चांगले चालत असो.

चेसिस खणखणीत निघाले, तर इंजिनाला फारसे भिण्याचे कारण नाही. धुरावरून बरेच कळते. काळा धूर बहुधा नोझल, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांचा दोष दाखवितो आणि तो थोडक्यात दूर होतो. त्यासाठी इंजिन उतरवू देऊ नये. निळा धूर, ऑइलचा वाढता खप आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडताच भकाभक येणारी वाफ ही लक्षणे एकत्र दिसू लागली, तर मात्र रिंगा आणि सिलिंडर झिजलेले असून मोठे काम आलेले आहे. ते काम हाती घेण्यापूर्वी सुटे भाग कोठे मिळतात याची चौकशी करावी. ज्या जातीचे इंजिन अद्याप पिकअप गाड्यांत वापरलेले आढळते, त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. ज्या जातीचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली, त्यांचे भाग मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात आणि गाडी महिनाभर ठोकळ्यांवर उभी राहते. रंगकामाचा समावेश या खर्चात करू नये. रंग हौसेचा आहे आणि हौसेलाही जागा असावी. पण तिची नोंद दुरुस्तीच्या खात्यावर नसावी.

आता हिशेब. फार थोडे शेतकरी तो लिहून ठेवतात आणि जे ठेवतात ते केवळ गॅरेजची बिले जपतात. बिलाइतकाच महत्त्वाचा खर्च बिलात येत नसतो. ऐन मे महिन्यात संध्याकाळी फळ उतरून खोक्यांत भरलेले आहे, वाशीच्या बाजारास जाणारा ट्रक रात्री नऊला हमरस्त्यावर येणार आहे आणि जीप बागेतच बंद पडली. झाडावरून उतरलेले फळ कोणासाठी थांबत नाही. त्या रात्री आणलेल्या भाड्याच्या गाडीचे पैसे, दुसऱ्या दिवशी घसरलेला भाव आणि बसून राहिलेल्या गड्यांची मजुरी हा सर्व जुन्या जीपचाच खर्च आहे. तो वहीत मांडला पाहिजे. तीन वर्षे तो मांडला, तर निर्णयाचा अर्धा भाग आपोआप होतो.

उदाहरणादाखल समजा की, एका जीपला इंजिनाचे काम, टायर आणि पाटे मिळून १,२०,००० रुपये लागणार आहेत आणि या कामावर ती आणखी चार वर्षे सुरळीत चालेल. म्हणजे वर्षाकाठी ३०,००० रुपये झाले. किरकोळ दुरुस्ती ३५,००० आणि बंद पडल्यामुळे होणारे नुकसान १०,००० धरले, तर जुनी गाडी वर्षाला ७५,००० रुपये मागते. आता नवी गाडी ११ लाखांची घेतली आणि त्यासाठी ८ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, असे धरू. मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये पडतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे २ लाख २० हजार रुपये जातात. पाच वर्षांनी गाडी साडेपाच लाखांस विकली गेली, असे मानले तरी साडेपाच लाखांची घट आणि व्याज मिळून वर्षाला १,५४,००० रुपये होतात. विमा आणि देखभाल त्यावर निराळी. दोहोंतील अंतर वर्षाला लाख रुपयांच्या घरात जाते.

विक्रेता अशा वेळी डिझेलच्या बचतीकडे बोट दाखवितो. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणारी जुनी जीप लिटरला दहा आणि नवी तेरा किलोमीटर जाते असे धरले, तर वर्षाला सुमारे १४० लिटर डिझेल वाचते. नव्वद रुपये दराने ते साडेबारा हजार रुपये झाले. बचत आहे खरी, पण ती एका महिन्याच्या हप्त्यालाही पुरत नाही. शिवाय हप्ता दरमहा येतो आणि आंबा वर्षातून एकदा. अवेळी पाऊस पडून मोहोर गळाला, तरी बँकेची तारीख पुढे सरकत नाही. ज्याचे उत्पन्न एका हंगामावर अवलंबून आहे त्याने कर्ज काढलेच, तर हप्ते हंगामाशी जुळवून मिळतात काय हे प्रथम विचारावे. गाडीचा रंग नंतर निवडता येईल.

या आकड्यांवरून प्रत्येकाने जुनीच गाडी ठेवावी, असा अर्थ काढू नये. आकडे ज्याचे त्याने घालावयाचे आहेत. ज्याची गाडी वर्षातून दोनशेच्यावर दिवस चालते, जो स्वतःच्या मालाबरोबर इतरांच्या मालाची जबाबदारी घेतो आणि ज्याच्या वहीत दुरुस्ती व नुकसान मिळून दीड लाखाचा आकडा दिसू लागला आहे, त्याने नव्या गाडीस विलंब लावणे तोट्याचे आहे. याउलट ज्याच्या बागेत वर्षाकाठी साठ फेऱ्यांचेच काम आहे, त्याने जुनी किंवा नवी कोणतीच गाडी का बाळगावी, हाही विचार करावा. तेवढ्या फेऱ्या भाड्याच्या गाडीने कदाचित विम्याच्या आणि टायरांच्या खर्चात होतील. दारात वाहन असण्याचा मान त्यात मिळत नाही, हे खरे.

एक चूक मात्र शहाण्यासुरत्या माणसांकडूनही होते. ‘गेल्या वर्षी चाळीस हजार घातले, आता ही गाडी कशी विकणार?’ असे म्हटले जाते. हेच गृहस्थ विंधन विहिरीच्या बाबतीत शेजाऱ्यास वेगळे सांगतात. दोनशे फूट कोरडे गेले म्हणून आणखी शंभर फूट खोदणे योग्य ठरत नाही. खाली पाणी असण्याचा संभव आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. गाडीचेही तसेच आहे. घातलेले चाळीस हजार जुनी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. पुढे काय लागणार आणि त्याबदल्यात किती काम मिळणार, तेवढे पाहावे. वडिलांनी घेतलेली जीप म्हणून जीव गुंततो, ही गोष्ट निराळी. ती उघडपणे मान्य करून घरच्यांनी मिळून ठरवावी, हिशेबाच्या आडून नव्हे.

वरील सर्व गणित माल वाहणाऱ्या गाडीचे झाले. जीपच्या मागच्या बाकांवर माणसे बसत असतील, तर हे गणित बाजूस ठेवावे लागते. फळकाढणीच्या दिवसांत पहाटे आठ-दहा मजूर बाया समोरासमोरच्या दोन बाकांवर दाटीने बसून घाटी उतरतात. त्यांच्या हाती धरावयास लोखंडी दांड्याखेरीज काही नसते. जुन्या घडणीच्या अनेक जीपगाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर चालतात. एखादी गंजलेली नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. घाटी उतरताना हे घडले, तर चालकाच्या हाती गिअर आणि नशीब एवढेच उरते. ज्या जीपचे किंगपिन ढिले आहेत, स्टिअरिंगला चार बोटे रिकामी फेर आहे आणि पेडल दोनदा दाबल्यावर ब्रेक धरतो, तिच्यात माणसे बसवू नयेत. ‘हंगाम संपल्यावर करून घेऊ’ हे उत्तर येथे चालत नाही. ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि किंगपिन यांचा खर्च इंजिनाच्या मानाने थोडा असतो आणि तो सर्वांआधी करावयाचा असतो. तोही झेपत नसेल, तर त्या गाडीने खोकी वाहण्याचेही दिवस संपले आहेत. खाजगी नोंदणीच्या जीपमधून भाडे घेऊन माणसे नेण्यास कायद्याची मान्यता नाही आणि अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण धोक्यात येते, हेही ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने स्पष्ट शब्दांत सांगावे. ते सांगणे अप्रिय आहे. गावात त्याला दोन घरी चहा मिळणार नाही. तरी सांगावे.

याच कारणास्तव कुजक्या चेसिसची गाडी रंगवून विकण्याची प्रथा निंद्य आहे. ती विकत घेणारा बहुधा विकणाऱ्याहून गरीब असतो आणि त्याच्या गाडीत बसणारी माणसे त्याहूनही गरीब. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी. तेथे जमा प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या आधारे नव्या खाजगी वाहनाच्या मोटार करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्र शासनाने २०२१ साली केली आहे. गावच्या भंगारवाल्यास गाडी वजनावर देऊन कागद घरी ठेवले, तर नोंदणी मालकाच्या नावावरच राहते. पुढे तेच चेसिस कोणी रस्त्यावर आणले, तर पोलीस त्याच्याच दारी येतात. नोंदणी रद्द झाल्याचा लेखी कागद हाती येईपर्यंत काम पुरे झाले, असे समजू नये.

बागाईतदाराने ही तपासणी आश्विनात, पाऊस सरल्यावर करावी. त्या वेळी गॅरेजमध्ये गर्दी कमी असते, सुटे भाग मागविण्यास अवधी मिळतो आणि नवी गाडी घेण्याचे ठरले तर कर्ज, नोंदणी व विमा ही कामे फाल्गुनात फळ सुरू होण्याच्या आत आटोपतात. वैशाखातला निर्णय नेहमी महाग पडतो. खड्ड्यावर नेण्यापूर्वी चेसिस आतून-बाहेरून पाण्याच्या जोराच्या झोताने धुवून घ्यावे, पोकळीतील माती पूर्ण निघाली आहे याची खात्री करावी आणि गाडी दोन दिवस कडक उन्हात उभी करावी. ओल्या मातीने भरलेले चेसिस हातोडीखाली बद्दच वाजते आणि मग चांगले पोलादही कुजके वाटते.